वाडींतलें लहान यंत्र

गेल्या दसऱ्यास आमच्या डहाणूकडील वाडींत पॉवर टिलरची यथासांग पूजा झाली. हँडलास झेंडूची माळ, इंजिनास हळदकुंकू, पुढें नारळ! दुसऱ्या दिवशीं सकाळीं यंत्र सुरू करावयास जावें तों चाक तसूभर हालेना.

घरांत तत्काळ दोन पक्ष पडले. दादांचें मत, ‘हें धूड भंगारांत घालून नवें घ्यावें.’ वाडीचा हिशेब वहिनींच्या हातीं असतो. त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘जुनें कशानें मेलें तें तर कळूं द्या.’ प्रश्न रास्त होता. जुन्याचेच हप्ते अद्याप फिटावयाचे होते. 2014-15 पासून चालत आलेल्या केंद्रीय कृषि-यांत्रिकीकरण योजनेंत टिलर घेतांना अनुदान मिळतें खरें, पण वेळेवर तेल बदलण्याचें काम सरकार कसें करणार?

तलासरीकडील एका तरुण कारागिरास बोलाविलें. त्यानें प्रथम तेलाची पट्टी उपसून दाखविली. तेल दुधाळ झालें होतें, म्हणजे आंत पाणी शिरलें होतें. चार महिने यंत्र पडवीच्या कडेस उभें, आणि धुराड्याचें तोंड आभाळाकडे उघडें! पाणी तेथून सिलिंडरांत उतरलें व पिस्टनच्या कड्या गंजून चिकटल्या. त्यानें इंजेक्टर काढून आंत डिझेल ओतलें, दोन रात्री मुरूं दिलें, मग चाक हातानें थोडथोडें मागेंपुढें करीत सोडविलें. दादांनीं जोर करून फिरविलें असतें तर कड्या मोडल्या असत्या. पुढें नव्या तेलानें इंजिन धुवून, तेंही टाकून, पुन्हा ताजें भरलें. नव्या यंत्राच्या किमतीपुढें हा खर्च अगदींच किरकोळ!

आमच्या भागांत हें लहान यंत्रच उपयोगी. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या घोलवडच्या चिकूच्या फांद्या खालीं झुकलेल्या असतात. मोठा ट्रॅक्टर त्या मोडतो. मुळेंही वरच्या थरांत, म्हणून मशागत उथळच हवी. पण समुद्राची खारी हवा लोखंडास खाते. तलासरीकडे भातखाचरांत चिखलणी होते, तेव्हां चिखल आंसाच्या सीलपर्यंत पोंचतो. चिखलणी संपतांच यंत्र धुवावें व गिअरपेटींतलें तेल पाहावें.

कारागिराच्या दोन सूचना आम्हीं वहींत टिपल्या. पट्टे बदलणें तर सगळे एकदम बदलावे. एकच नवा घातल्यास सारा ताण त्यावर येऊन तोही लवकर जातो. हवा गाळणाऱ्या भांड्यांतलें तेल उन्हाळ्यांत धुळीनें लवकर घट्ट होतें, तें वरचेवर बदलावें. नाहींतर तीच धूळ सिलिंडर घासते. आणि पात्यांत गवत अडकल्यास इंजिन पूर्ण बंद केल्याखेरीज हात घालूं नये. येथें वेळेची काटकसर बोटांवर बेतते.

यंदा पावसापूर्वीं डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवली. रिकाम्या जागेंत दमट हवेचें पाणी होतें. धुराड्यावर वहिनींनीं दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा पालथा घातला, आणि तो काढावयाचें विसरूं नये म्हणून हँडलास लाल चिंधी बांधली.