काचपात्रातील पुरावा आणि शिवारातील दृष्टी

उतारवयातील मंद दृष्टीवर उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या 'अँटिऑक्सिडंट' गोळ्यांच्या जाहिरातींत 'प्रयोगशाळेत सिद्ध' हे शब्द सर्रास आढळतात. प्रयोगशाळेत नेमके काय सिद्ध होते, हे मात्र ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते.

दृष्टिपटलामागे रंगद्रव्यपेशींचा एक थर असतो. प्रकाशग्राही पेशींची झिजलेली टोके तो रोज पचवतो. प्रकाशाचा मारा आणि ऑक्सिजनचा मुबलक पुरवठा यांमुळे तेथे ऑक्सिजनचे घातक रेणू सतत निर्माण होतात. वयपरत्वे त्यांना आवर घालण्याची क्षमता घटते. दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, म्हणजे मॅक्युलाचा, ऱ्हास होण्यामागे हे एक प्रमुख कारण मानले जाते. याच्या अभ्यासासाठी जगभर 'एआरपीई-१९' हा पेशीवंश वापरला जातो. १९ वर्षांच्या एका मृत तरुणाच्या डोळ्यातून तो मिळाला आणि १९९६ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचे आणि एखाद्या द्रव्यामुळे किती पेशी वाचतात ते मोजायचे, अशी ही पद्धत आहे.

ती उपयुक्त आहे, पण अपुरी आहे. काचपात्रातील आघात काही तासांचा असतो, तर रोग अनेक दशकांचा. तेथे रक्तवाहिन्या नसतात, प्रकाशग्राही पेशी नसतात. गिळलेले औषध डोळ्यापर्यंत पोहोचते का, याचीही कसोटी लागत नाही. रुग्णाच्याच त्वचेच्या वा रक्ताच्या पेशींपासून घडवलेल्या रंगद्रव्यपेशी अधिक विश्वासार्ह ठरतात. तरीही अंतिम निवाडा माणसांवरील चाचणीचाच.

अमेरिकेतील 'एरेड्स' चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. जीवनसत्त्वे व जस्ताच्या मोठ्या मात्रेने मध्यम अवस्थेतील मॅक्युला-ऱ्हास बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला; मोतीबिंदूवर मात्र जीवनसत्त्वांचा परिणाम दिसला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात रक्तातील 'क' जीवनसत्त्व अधिक असलेल्या ज्येष्ठांमध्ये मोतीबिंदू कमी आढळला. पण असा संबंध आढळला म्हणून गोळीने मोतीबिंदू टळतो, असे ठरत नाही.

हा भेद पांढुर्णा जिल्ह्यातील लोधीखेड्यासारख्या मराठी सीमागावांत विशेष महत्त्वाचा आहे. सौंसरच्या या संत्रा-कापूस पट्ट्यात शेतकरी-मजुरांचे आयुष्य उन्हात जाते. गोव्याच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचीही तीच स्थिती. अमेरिकेतील चेसापीक उपसागरातील ८३८ जलकामगारांच्या १९८८ च्या अभ्यासात अतिनील किरणांचा संपर्क आणि एका प्रकारचा मोतीबिंदू यांचा संबंध स्पष्ट झाला होता. रुंद काठाची टोपी, तंबाखूच्या धुरापासून दूर राहणे, चाळिशीनंतर नियमित नेत्रतपासणी आणि वेळेवर शस्त्रक्रिया हे उपाय साधे आहेत. त्यांची जाहिरात होत नाही, एवढेच.

पेशींवरील संशोधनाला निधी हवाच. उद्याची औषधे तेथूनच येतील. तोवर 'प्रयोगशाळेत सिद्ध' या शिक्क्यावर मजुरीचे पैसे खर्च होऊ नयेत, यासाठी दावा पेशींवर तपासला की माणसांवर, हे वेष्टनावर ठळकपणे छापणे बंधनकारक व्हायला हवे.