शंभर संकेतस्थळांची ती यादी

मंडळी, आधीच सांगते, आज जरा भांडायचंय. भांडण परक्यांशी नाही, आपल्याच माणसांशी आहे. तेव्हा काका-मामा, आत्या-मावश्यांनी राग मानू नये. मानलात तरी लिहिणार आहेच!

'मुलांच्या अभ्यासासाठी १०० उपयुक्त संकेतस्थळं. जपून ठेवा, सगळ्यांना पाठवा!' ही यादी तुम्हालाही आली असेल. वर्षातून दोनदा तरी येतेच. पाठवणारा ती स्वतः उघडत नाही, घेणारा 'छान माहिती, धन्यवाद' म्हणून हात जोडतो आणि ज्या पोरासाठी हे सगळं चाललंय त्याला यातलं काही कळतसुद्धा नाही. वर हीच मंडळी जेवताना म्हणणार, "इंग्रजीत सगळं आहे हो, मराठीत नेटवर आहेच काय?"

काय आहे? सांगते.

मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून ज्याचा पाया घातला, ज्याचा पहिला खंड १९७६ साली आला, ते वीसच्या वीस खंड आज घरबसल्या वाचता येतात. फुकट. त्याआधीचा केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आहे, तेवीस खंडांचा. कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने वर्गणीदार गोळा करत करत तो पुरा केला, तोही महाजालावर आहे. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. (मराठी शब्दाचा अर्थ बघायला शिकागोला जायचं, यावर हसायचं की रडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.) बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर काडेपेटी, रिफिल आणि सायकलच्या ट्यूबमधून विज्ञान शिकवणारी खेळणी आहेत आणि मराठी पुस्तकांचा ढीग आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे.

हे सगळं पुरेसं आहे का? अजिबात नाही. बारावीनंतरचं विज्ञान मराठीत शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. तिथे इंग्रजी लागतंच, आणि त्यासाठीही आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं फुकट पडली आहेत. पण 'कमी आहे' आणि 'काहीच नाही' यात फरक आहे की नाही? 'काहीच नाही' म्हटलं की शोधायची जबाबदारीच संपते. मराठी शाळेतल्या सातवीच्या मुलीला जेव्हा घरातला मोठा माणूस हे वाक्य ऐकवतो, तेव्हा ती एवढंच शिकते की आपल्या भाषेत प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. मग ती विचारायचंच सोडते. ओळखीच्या एका घरात मग टॅब्लेटसकट दोन वर्षांचं 'पॅकेज' आलं, हप्त्यावर. हप्ते अजून चालू आहेत. टॅब्लेटवर काय चालतं ते विचारू नका.

आणि याद्यांचं म्हणाल तर जगातल्या भल्याभल्यांनी त्या करून पाहिल्या. याहूने माणसं बसवून अख्ख्या महाजालाची वर्गवारी केली होती, ती डिरेक्टरी २०१४ मध्ये बंद झाली. हजारो स्वयंसेवकांनी उभी केलेली डीमॉझ २०१७ मध्ये गेली. दुवे तुटतात, पत्ते बदलतात, यादी शिळी होते. आपल्या शंभरांच्या यादीची काय कथा!

माझं म्हणणं साधं आहे. पोराला यादी देऊ नका, एक प्रश्न द्या. नाहीतर त्याचाच एखादा प्रश्न उचला आणि दोन-तीन ठिकाणी शोधायला लावा.

उदाहरणार्थ, प्लूटो ग्रह आहे का? केतकरांच्या ज्ञानकोशात तो असणं शक्यच नाही, कारण ते खंड १९२०च्या दशकातले आणि प्लूटो सापडला १९३० साली. विश्वकोशाचे पहिले खंड निघाले तेव्हा तो नववा ग्रह होता. २००६ साली प्रागला खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि तो बटुग्रह झाला. आज ग्रह आठच. यात कुठलाही कोश खोटा बोललेला नाही. पण हे तीन टप्पे स्वतः शोधणाऱ्या पोराला एक गोष्ट जन्मभरासाठी कळते, की माहितीला तारीख असते. वाचताना आधी बघायचं, हे कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं आणि कशाच्या आधारावर. कुठल्या पॅकेजात मिळतं हे?

"अगं, आता एवढं कोण शोधतं, त्या एआयला विचारलं की झालं!" हे येणारच, माहीत आहे मला. विचारा की! मीही विचारते. पण ते यंत्र बरोबर आणि चूक दोन्ही त्याच ठामपणे सांगतं. ते पारखायला बाजूला कोश उघडून बघायची सवय लागते, आणि ती सवय ज्याला नाही त्याला यंत्र म्हणेल ते खरं. विकिपीडियाला नावं ठेवणाऱ्यांनाही हेच सांगेन. निदान तिथे लेखाखाली संदर्भ असतात आणि 'इतिहास' वर टिचकी मारली की कोणी काय कधी बदललं ते दिसतं. ते न बघता विश्वास ठेवणं जेवढं आळशीपणाचं, तेवढंच न बघता नावं ठेवणं.

असो. पुढच्या वेळी ती यादी आली की पुढे ढकलू नका. त्यातलं एकच संकेतस्थळ उघडा, घरातल्या पोराला शेजारी बसवा आणि अर्धा तास त्याच्याबरोबर काहीतरी शोधा. काही सापडलं नाही तर मग खुशाल म्हणा, मराठीत काही नाही. शोधल्यावर म्हणालात तर मी ऐकून घेईन.