धरणाची उंची न वाढवता

१५ सप्टेंबर, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस, आपण ‘अभियंता दिन’ म्हणून साजरा करतो. म्हैसूरचे दिवाण आणि १९५५चे भारतरत्न म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या कारकिर्दीचा पाया मात्र मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात घातला गेला.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून शिकून १८८४मध्ये ते सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. खानदेशात पांझरेच्या पात्राखालून सायफनने पाणी नेणे असो, सिंधमधल्या सक्करला पाणी पोचवणे असो वा नीरा कालव्यावर पाळीपाळीने पाणी देणारी ‘ब्लॉक’ पद्धत असो, असलेले पाणी अधिकांपर्यंत कसे पोचेल, हाच त्यांचा ध्यास होता.

खडकवासल्याला पावसाळ्यातले जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. मूळ भिंतीला हात न लावता त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर गेले की ते आपोआप उघडत. पातळी उतरली की मिटत. १९०३च्या या रचनेने साठा वाढला, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही वापरली गेली.

आज नव्या कामाचा नारळ थाटात फुटतो. जुन्या कालव्याची गळती काढणाऱ्याला कोणी हार घालत नाही. विश्वेश्वरय्यांचा गौरव करायचा, तर आहे त्यातून जास्त काढणाऱ्या अभियंत्याला आधी मान मिळायला हवा. हा अंक अशाच कामांसाठी.

– संपादक