उद्यान ही मेहेरबानी नव्हे

महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलताना उद्यानांचा विषय निघाला की, सत्ताधाऱ्यांच्याच नव्हे, तर आपल्या पुरोगामी मित्रांच्याही चेहऱ्यावर मंद स्मित उमटते. रस्ते, गटारे, पाणी यांचे प्रश्न सुटले नसताना हा फुलझाडांचा छंद कशाला, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. नांदेड आणि लातूर या शहरांना हे स्मित फार महाग पडत आहे, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी मी एका विस्मृत माणसाच्या कारकिर्दीचा दाखला देणार आहे.

गुस्ताव क्रुम्बिगेल हा जर्मनीत ड्रेस्डेनजवळ 1865 साली जन्मलेला बागकामतज्ज्ञ. लंडनच्या हाइड पार्कमध्ये व क्यू येथील वनस्पती-उद्यानात त्याने काम केले. 1893 साली सयाजीराव गायकवाडांनी त्याला बडोद्यास आणले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून गादीवर आलेल्या या राजाच्या राज्यात 1879 साली उभी राहिलेली कमाठीबाग सर्वांना खुली होती. बडोद्यात सुमारे पंधरा वर्षे काढून क्रुम्बिगेल 1908 साली म्हैसूर संस्थानात गेला आणि 1932 पर्यंत बंगलोरच्या लालबागेचा कारभार त्याने पाहिला. परदेशी उद्यानांशी बियाणे व रोपांची देवघेव केली. एका जातीचा बहर ओसरावा तो दुसरीचा सुरू व्हावा, अशा बेताने शहरातील रस्त्यांवर झाडे लावली. त्याच्यामागून जवरय्या व पुढे मरीगौडा या भारतीय अधिकाऱ्यांनी ते काम चालविले.

त्याची पूजा बांधण्याचा माझा हेतू नाही. तो राजेरजवाड्यांचा नोकर होता आणि विदेशी वृक्षांचा त्याला सोस होता. त्याची झाडे आपण घेऊ नयेत. त्याच्या कामाची रीत घ्यावी. जाणकार अधिकारी, अधिकारयुक्त पद, दीर्घ मुदत आणि मागे शिकलेले वारस, ही ती रीत. राजाने मर्जीने जे दिले ते लोकशाहीने कायद्याने द्यावयाचे असते. ज्या हाइड पार्कमध्ये क्रुम्बिगेल राबला, तेथील तलावात 1930 साली मजूर सरकारचे मंत्री जॉर्ज लान्सबरी यांनी सामान्य स्त्री-पुरुषांना एकत्र पोहण्याची सोय करून दिली. उद्यान हा समाजवादाचा विषय आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आपल्याकडे मात्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 66 मध्ये उद्याने व क्रीडांगणे ऐच्छिक कर्तव्यांत बसली आहेत. 74 व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख असूनही ऐच्छिकपणाची वृत्ती गेली नाही. 1966 च्या नगररचना कायद्यान्वये उद्यानासाठी आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही विहित मुदतीत पाऊल उचलले नाही की आरक्षण व्यपगत होते. अशा वेळी निष्क्रियता हेच भूखंड लाटण्याचे साधन ठरते, आणि त्यासाठी कोणावर गुन्हाही दाखल होत नाही.

2008 च्या गुरुतागद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडला केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून मोठा निधी मिळाला. असा भांडवली पैसा एकदा येतो. झाडाला पाणी मात्र रोज लागते. आवर्ती खर्चाची तरतूद न करता उभारलेले कारंजे हे लोकांच्या पैशाने उभारलेले दात्याचे स्मारक असते. मग देखभाल परवडत नाही म्हणून बाग कंत्राटदाराकडे जाते आणि फाटकावर तिकीट लागते. बागेत आणखी एक मूल शिरले म्हणून सावली कमी होत नाही, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तिकिटाने गर्दी आवरत नाही. हमालाचे आणि घरकाम करणाऱ्या बाईचे मूल तेवढे बाहेर राहते.

लातूरकर म्हणतील, आम्हाला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. आम्हाला बाग कसली सांगता? आक्षेप रास्त आहे, पण तो हिरवळीवर आहे. कडुनिंब, करंज, वड, चिंच ही या मातीतील झाडे एकदा रुजली की माणसाकडे फारसे मागत नाहीत. आणि ती रुजेपर्यंत शुद्ध केलेले सांडपाणी पुरे. शिवाय ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर राज्यभरातून येथे जी कोवळी मुले येतात, त्यांचा दिवस खोली, शिकवणी आणि खानावळ यांत संपतो. त्यांच्या शुल्कावर आणि भाड्यावर हे शहर पोसले जाते. त्यांना संध्याकाळी तासभर चेंडू खेळण्यास जागा देणे हा उपकार नसून देणे आहे.

म्हणून दोन्ही शहरांतील कार्यकर्त्यांनी चार मागण्या लावून धराव्यात. उद्यान विभागास प्रशिक्षित, पूर्णवेळ अधिकारी निश्चित मुदतीसाठी मिळावा. अतिरिक्त कार्यभाराची पळवाट नको. पालिकेची स्वतःची रोपवाटिका असावी आणि माळी कायम वेतनावर असावेत. आरक्षित भूखंडांची यादी, आरक्षण संपण्याच्या तारखेसह, प्रभागवार जाहीर व्हावी. आणि सार्वजनिक बागेचे फाटक विनामूल्य उघडे राहावे.

यांतील यादीची मागणी आधी करावी. उरलेल्या तिन्हींना उशीर झाला तर नुकसान भरून काढता येईल. गेलेली जमीन परत येत नाही.