‘कळ्यांचे निःश्वास’ आणि आमची वही



आमच्या पुस्तक भिशीत या महिन्यात विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचलं. आम्ही नगरच्या नऊजणी, बहुतेक साठीच्या आसपासच्या. पुस्तकापेक्षा मला आमची मतंच जास्त विचार करायला लावून गेली.

१९३३ मध्ये हा कथासंग्रह आला तेव्हा महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं होतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं एका बाईने उघडपणे लिहिलं होतं. पण ही विभावरी नक्की कोण, याचीच लोकांना फार उत्सुकता. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, तेव्हा वय अवघं अठ्ठावीस. लिहिणारीला शोधत बसलं की तिने लिहिलेलं आपल्या घरात आहे का, हे बघायचं राहून जातं.

आमच्याकडेही तसंच झालं. एक म्हणाली, “बाई स्वतःच दुःखी असणार.” दुसरी म्हणाली, “ते जुन्या काळातलं. आता मुली कुणाचं ऐकतात?” तिसरी म्हणाली, “अतिशयोक्ती आहे. कोणते आईबाप मुद्दाम मुलीचं लग्न लांबवतील?”

विषय होता ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा. मुलगी मिळवती, तिच्या पगारावर घर चाललेलं, म्हणून तिच्या लग्नाची कुणालाच घाई नाही. तिसरीचं म्हणणं मला अर्धं पटतं. मुद्दाम कुणीच करत नाही. नुसतं “बघू” म्हणतात.

माझ्या सासरी हेच झालं. थोरल्या नणंदबाई, आमच्या जीजी, शाळेत शिक्षिका होत्या. सासऱ्यांचं दुकान बसलं आणि जीजींच्या पगारावर घर चालू लागलं. धाकट्या भावांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, त्यातलं एक माझं. जीजींना स्थळं येत होती. दर वेळी उत्तर एकच, “यंदा जरा अडचण आहे, पुढच्या वर्षी बघू.” मी बी.कॉम., म्हणून घरखर्चाची वही माझ्याकडे आली. दर महिन्याला जमेला लिहायचे, “जीजींकडून”. ती रक्कम मी घराचं उत्पन्न म्हणून धरली, देणं म्हणून एकदाही नाही. दुकानाच्या वहीत कुणी असं केलं असतं, तर मीच चूक काढली असती.

श्रावकाच्या बारा व्रतांतलं तिसरं अदत्तादान विरमण. जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. प्रतिक्रमणात आपण त्याचे अतिचार आठवतो: चोरीचा माल घेणं, खोटं वजनमाप, भेसळ. आपण व्यापारी माणसं, काट्याला जपतो. पण जीजींनी पगार दिला होता, वर्षं दिली नव्हती. ती आम्ही न विचारता घेतली.

भिशीत शेवटी कुणीतरी म्हणालंच, “अनेकान्त आहे गं, प्रत्येकीचं मत आपापल्या जागी खरं.” मान्य. पण मग आपली जागा कोणती, तेही सांगावं. मी सांगते, मी घेणाऱ्यांच्या बाजूची.

पुस्तक जीजींना वाचायला दिलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दोन दिवसांनी परत देताना म्हणाल्या, “या पोरीला प्रश्न तरी पडला. मला वाटायचं, असंच असतं.” आणि आसन घालून सामायिकाला बसल्या.

“ते जुन्या काळातलं” म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या मुलींच्या पगारातून घराचे हप्ते जात नाहीत का? ते घर कुणाच्या नावावर आहे? संवत्सरीला आपण गावभर ‘मिच्छामि दुक्कडम्’चे मेसेज पाठवतो. यंदा त्याआधी घरातल्या मिळवत्या मुलीला शेजारी बसवून तिच्या मनात काय आहे ते विचारा. लग्न नको असेल तर तेही तिनेच सांगू दे. “बघू” म्हणू नका.

मी यांच्याशी बोलले आहे. घराच्या कागदांवर जीजींचं नाव लावायचं ठरलं आहे. उशीर झाला, हे मला कळतं. वर्षं काही परत देता येत नाहीत.