नायट्रोजन उतरवायची गोळी मिळेल का?

डोकं ठणकतंय? गोळी. अ‍ॅसिडिटी? गोळी. आपल्या पिढीचा फंडाच तो! मग अंदमानला स्कूबा कोर्स केला, रविवारी सकाळी शेवटचा डाइव्ह, संध्याकाळची फ्लाइट आणि सोमवारी प्रेझेंटेशन असेल, तर प्रश्न पडणारच: अंगातला नायट्रोजन पटकन बाहेर काढणारं एखादं औषध नाही का?

आधी थोडं सायन्स. (घाबरू नका, परीक्षा नाही!) हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे २० मीटरवर तिप्पट. त्या दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत जातो. झपकन वर आलात, की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे! सांधे दुखतात, मुंग्या येतात, कधी पायातली ताकदच जाते. यालाच म्हणतात ‘बेंड्स’. ब्रिटनच्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये यावर उपाय दिला: टप्प्याटप्प्याने, थांबत वर या.

पण थांबायला वेळ कुणाला आहे? म्हणून औषधांचा शोध. हृदयरोगी जिभेखाली घेतात ते नायट्रोग्लिसरीन आठवतंय? रक्तवाहिन्या सैल करणारं. २००६ मध्ये क्रोएशिया आणि नॉर्वेच्या संशोधकांनी डाइव्हआधी त्याचा स्प्रे काही डायव्हर्सना दिला. नंतर सोनोग्राफीत बुडबुडे चक्क कमी दिसले!

लगेच केमिस्टकडे धावू नका. एक तर बुडबुडे कमी झाले म्हणजे बेंड्स टळलाच असं नाही. त्यात या औषधाने बीपी उतरतं, डोकं दुखतं, चक्कर येते. पाण्याखाली चक्कर? नको रे बाबा! आणि खरी गोम पुढेच आहे. रक्तप्रवाह वाढवला की नायट्रोजन लवकर बाहेर पडेल हे खरं, पण खोल पाण्यात असताना तो आतही लवकर शिरेल. रस्ता रुंद केला की ट्रॅफिक दोन्ही बाजूंनी वाढतं!

दुसरा उमेदवार परफ्लुरोकार्बन. हे द्रव भरपूर वायू विरघळवून घेतात, म्हणून शिरेतून दिले तर नायट्रोजन उचलून फुफ्फुसापर्यंत नेतात. प्राण्यांवरचे निकाल छान आहेत, पण तुमच्या बॅगेत टाकण्याजोगं हे औषध नव्हे.

मग हुकमी काय? साधा ऑक्सिजन! शुद्ध ऑक्सिजन घेताना नवा नायट्रोजन आत येतच नाही, त्यामुळे जुना भराभर निघतो. अंतराळवीरही स्पेसवॉकआधी तेच करतात. बेंड्सचा प्रथमोपचारही तोच, आणि त्यानंतर रिकम्प्रेशन चेंबर. मात्र खोल पाण्यात शुद्ध ऑक्सिजन घेतला तर झटके येऊ शकतात. तो प्रयोग आपला नव्हे.

आपल्यासाठी उपाय फुकटातला आहे: वेळ. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं, एकच साधा डाइव्ह केला असेल तर फ्लाइटआधी किमान १२ तास थांबा. अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८. आणि डाइव्हनंतर खांदा दुखला, तर पेनकिलर घेऊन गप्प बसू नका. दुखणं दबेल, बुडबुडा तिथेच राहील. थेट डॉक्टरांना गाठा.

तेव्हा तिकीट सोमवारचं काढा आणि बॉसला मंगळवारचं प्रॉमिस करा. डेडलाइन तुम्हाला असते हो, नायट्रोजनला नाही!