तीन गाण्यांची मुदत

परदेशी संगीताच्या मोठ्या जलशांत आज बहुधा एक दंडक असतो. छायाचित्रकाराने रंगमंचापुढे पहिली तीनच गाणी थांबायचे, फ्लॅश वापरायचा नाही आणि मग बाहेर पडायचे. कलावंताला त्रास नको, हा हेतू रास्तच आहे. पण तीन गाण्यांत मैफल रंगते काय?

१९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील ज्या माँटेरे महोत्सवात पंडित रविशंकरांची सतार वाजली, तेथेच १८ जूनच्या रात्री जिमी हेंड्रिक्सने शेवटच्या गाण्यात आपली गिटार पेटवली. तो क्षण टिपणारा एड कॅरेफ अवघा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. रंगमंचाच्या कडेशी तो खुर्चीवर उभा होता. तिसऱ्या गाण्यानंतर त्याला घालवून दिले असते, तर ते जगप्रसिद्ध छायाचित्र निघालेच नसते.

माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या गावी भजन मध्यरात्रीनंतर रंगते, पखवाज तेव्हा बोलू लागतो. गावात फोटो मात्र आहेत ते नारळ फोडल्याचे आणि पाहुण्यांच्या गळ्यातील हारांचे! निदान आपल्या स्नेहसंमेलनात तरी कॅमेरा पाहुण्यांबरोबर परत जाऊ नये. शेवटच्या गाण्यापर्यंत तो थांबावा, एवढेच माझे म्हणणे आहे.